उजवीकडून कितीही तोडा

मी कबरींचे दगड घडवतो. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर, आमच्या गावाच्या टोकाला, मोठ्या रस्त्याला लागून माझं अंगण आहे. माणूस गेल्यावर घरचे येतात, दगड निवडतात, फोटो देतात, आणि मी तो चेहरा दगडावर टोचून काढतो. आजवर माझ्याकडे मेलेल्यांची माणसंच आली. मरायच्या आधी स्वतःचा दगड बघायला आलेल्या त्या एकट्या बुरुलचा एजे.

बुरुलचा एजे आमच्या शाळेत गणित शिकवायच्या; सगळं गाव, घरचेसुद्धा, त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणायचं. मला शिकवलं, माझ्या मुलांना शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रस्त्यानं चालल्या की अजूनही टॅक्सीवाले सिगारेट पाठीमागे लपवायचे. त्या दिवशी सकाळी पायात रबरी जोडे आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधून माझ्या अंगणात आल्या, आणि दगडांवर हाताची बोटं वाजवत फिरू लागल्या.

"शार्शेन, यातला सगळ्यात हट्टी कुठला?"

"एजे, दगडाला कसला हट्ट? छिन्नीपुढे सगळेच वाकतात."

"तुझ्यासारखे," त्या म्हणाल्या. "तो काळा दे. आडवा, लांबट. उभा नको, मला काही परेडला उभं राहायचं नाही."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. असं तोंड काय वासतोस? मेल्यावर मला येऊन बघता येणार नाही, म्हणून आत्ता आले."

खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी त्या काळ्या दगडावर एका ओळीत आठ आकडे लिहिले. ७३९३९१३३. अक्षर तेच, फळ्यावरचं.

"एवढंच कोरायचं. खोल कोर."

"आणि नाव?"

"नाव काय आहे ते गावाला ठाऊक आहे."

"तारखा तरी?"

"जन्माचं कौतुक नाही, मरणाची घाई नाही. मूळ संख्या म्हणजे काय, सांग."

माझी नातवंडं शाळेत जातात, तरी मी हातातला हातोडा खाली ठेवून सरळ उभा राहिलो. "एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानंच जिला पुरता भाग जात नाही ती."

"बस. ही तशी आहे." मग त्यांनी शेवटच्या आकड्यावर तळहात ठेवला. "आता उरले सात. ७३९३९१३. हीसुद्धा मूळ." हात आणखी डावीकडे सरकला. "७३९३९१. हीसुद्धा." हात सरकत राहिला, त्या म्हणत राहिल्या, "हीसुद्धा, हीसुद्धा," आणि शेवटी हाताबाहेर फक्त सात उरला. "आणि सात तर आहेच. उजवीकडून कितीही तोडा, जे उरतं त्याला भाग जात नाही."

"आणि उजवीकडे आणखी एखादा आकडा चिकटवला तर?"

एजेंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला चौथीत एकदा मिळालेली शाबासकी आठवली. "हे विचारलंस ते बरं केलंस. कुठलाही चिकटव, मोडते. एक किंवा सात जोडलास तर तीननंच भाग जातो. तीन किंवा नऊ जोडलास तर शोधायला जरा वेळ लागतो, पण जातोच. बाकीच्यांचा प्रश्नच नाही, सम आकडा आला की दोननं गेला, पाच आला की पाचानं. अशा जातीच्या संख्या मोजक्याच आहेत, आणि त्यांत सगळ्यात मोठी ही. हिच्यापुढे कुणी नाही."

ही संख्या त्यांना तरुणपणी सापडली होती, राजधानीत शिकत असताना. हातानं भागाकार करत करत, हिवाळाभर. मार्गदर्शकानं वही बाजूला सारली आणि म्हणाला, यातून देशाला किती लोकर मिळणार? मेंढ्यांच्या उत्पन्नाच्या हिशेबावर प्रबंध लिही, पदवी घे. एजे म्हणाल्या, मेंढ्या मोजायला माझा बाप आहे, तो प्रबंधाशिवाय मोजतो. पदवी राहिली. त्या गावी आल्या आणि शाळेत लागल्या. पुढे कळलं की दूरदूरच्या देशांतल्या लोकांनाही हीच संख्या सापडली आहे. मी विचारलं, वाईट नाही वाटलं?

"वाईट कशाला? त्यांनाही हीच सापडली, म्हणजे माझे भागाकार बरोबर होते."

मी कोरायला घेतलं. सरळ आकडेच होते, पण मी एखाद्याच्या डोळ्यांवर घेतो तेवढी मेहनत त्यांच्यावर घेतली. आठ आकडे पुरे झाले आणि दगड पुसून मी अंगणातच ठेवला, रस्त्याकडे तोंड करून. तिथंच गडबड झाली. आमच्याकडे रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण मान वळवून बघतो की आता कोण गेलं.

दुसऱ्याच दिवशी एर्मेक आला. एर्मेक म्हणजे एजेंच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, एर्मेक एजेंच्याच घरात वाढला. तेव्हा तो गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभा होता. पेट्रोलपंपापासून मशिदीपर्यंत प्रत्येक खांबावर त्याचा हसरा चेहरा लटकत होता. हा समोरचा मात्र हसत नव्हता.

"शार्शेन बाबा, हे काय?"

"तुझ्या आत्याचा दगड."

"बाजारात लोक मला विचारतात, अरे, तुझ्या आत्याच्या कबरीवर फोन नंबर टाकलाय म्हणे, लावला तर उचलते का? उद्या पोरं खरंच लावून बघतील! मी मत मागायला जातो आणि माणसं तोंडाला रुमाल लावतात."

"मग त्यांच्याशी बोल."

"बोललो ना! म्हटलं, छान फोटो काढू, शाळेचं पदक लावू, खाली चार शब्द लिहू. तर म्हणते, खांबाखांबांवर तुझा चेहरा आहे, गावाला आपल्या घराण्याचा तेवढा चेहरा पुरे."

मला हसू आलं. तेच चुकलं. एर्मेकचे कान लाल झाले. त्यानं भिंतीला टेकवलेला माझा मोठा घण उचलला.

"ए, ठेव तो! हात मोडून घेशील!"

मी त्याच्या दंडाला लोंबकळलो, पण तो तिशीतला गडी आणि माझे गुडघे म्हातारे. पहिला घाव दगडाच्या उजव्या टोकाला बसला. दुसरा त्याच जागी. दगड कडाडला, आणि उजवीकडचा तुकडा सुटून मातीत पडला. तिसरा घाव त्यानं घातला नाही. घण हातातच राहिला आणि तो आपण काय केलं ते बघत उभा राहिला.

बातमी रस्त्यानं पळाली. आधी समोर वाळवलेले मासे विकणारी उल्जान धावत आली. मग टॅक्सीवाले आले, मग मशिदीतून परतणारे म्हातारे आले. आणि शेवटी एजे आल्या, त्याच रबरी जोड्यांत, आपल्या नेहमीच्या चालीनं. घाई नाही, काही नाही. लोकांनी वाट दिली.

त्या दगडापुढे उकिडव्या बसल्या. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. एर्मेक म्हणाला, "एजे, मी... मला राग..."

"गप्प बस. वाचू दे."

दगडावर उरलं होतं ७३९३९. मातीत पडलेल्या तुकड्यावर १३३.

एजेंनी तो तुकडा उचलला, माती झटकली आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "उल्जान, एकशे तेहेतीसला कशानं भाग जातो?"

उल्जान शाळेत असताना गणितात नापास होत होती, पण रोज माशांचा हिशेब करून तिचं डोकं चांगलं चालायला लागलं होतं. ओठ हलवत तिनं जरा वेळ घेतला. "सातानं, एजे. एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस."

"शाबास. म्हणजे तुटून पडलं ते हे. सात ठिकाणी वाटून टाकता येईल असं." त्यांनी तो तुकडा एर्मेकच्या हातात ठेवला. "हा तुझा. घरी ने, लोणच्याच्या बरणीवर ठेवायला होईल. आणि हे जे राहिलं, त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस, याला अजूनही कशानं भाग जात नाही. तुझ्या घणानंसुद्धा नाही गेला. शार्शेन, ट्रॅक्टर कुणाचा आहे? चढव हा दगड."

"एजे, मी नवा करून देतो. तसाच दुसरा दगड आहे माझ्याकडे."

"नवा कशाला? हा मोडलाय कुठे?"

"कड तरी घासून देतो."

"हात लावू नकोस. कशी तुटली ते दिसू दे."

दुपारी आम्ही दगड घेऊन गावाच्या वरच्या उतारावर कबरस्तानात गेलो. एजे ट्रॅक्टरच्या मागच्या गाडीत दगडाशेजारी बसल्या होत्या. फाटकात तोकोबाय अक्साकाल, गावातला पांढऱ्या दाढीचा जाणता, घोड्यावर बसून आडवा उभा होता. कबरस्तानाची देखरेख त्याच्याकडे. उमेदीत सगळा जन्म त्यानं उन्हाळी कुरणांवर मेंढ्यांमागे काढला होता, आणि आता मेलेल्यांच्या कळपाकडेही तो तसंच बघायचा: कोण कुठे निजलं आहे, कुणाची कूस कुणाकडे, सगळं त्याच्या डोक्यात.

"बुरुलचा, परत फिर," तो घोड्यावरूनच म्हणाला. "जिवंत माणसाचा दगड इथं लागत नाही. अपशकुन आहे."

"कुणाला अपशकुन? मला होईल तो होईल."

"आणि त्यावर नाव नाही, प्रार्थना नाही. नुसते आकडे! शोभतं का?"

एजे गाडीतून उतरल्या. त्यांनी फाटकाच्या गजांमधून आत बोट दाखवलं. "तो तिसऱ्या रांगेतला जुमाबेक. त्याच्या दगडावर काय कोरलंय?"

तोकोबायनं मान वळवली नाही. सगळ्यांनाच माहीत होतं. मीच कोरलं होतं.

"कामाझ ट्रक," टॅक्सीवाल्यांतला कुणीतरी म्हणाला.

"चाकांसकट. पाटीवरच्या नंबरासकट," एजे म्हणाल्या. "त्याच्या पलीकडे पार्टीचा लाल तारा. त्याच्या पलीकडे तुझा चुलता, बोकड पळवायच्या खेळातला, घोड्यावर, हातात बोकड. ट्रक चालतो, बोकड चालतो, तारा चालतो, आणि माझी संख्या तेवढी चालत नाही?"

लोक हसले. तोकोबायच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्यानं लगाम सोडला नाही.

"ट्रकनं त्याचं घर चाललं. घोडा आमच्या सगळ्यांचा. तुझ्या या आकड्यानं कुणाचं काय भलं झालं?"

"काहीच नाही," एजे म्हणाल्या. "कुणाच्या कामाला ती आली नाही, कुणापुढे वाकली नाही. हेच मला विचारलं होतं राजधानीत, फक्त लोकरीच्या शब्दांत. तेव्हा मी विशीतली पोर होते, तरी वाकले नाही. आता काय बदलू?"

तोकोबायनं जरा विचार केला. "समज, एवढ्या मेंढ्या आहेत. किती म्हणालीस?"

"त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस."

"आणि माझे सात मुलगे आहेत."

"पाच उरतील."

"दहा असते तर?"

"नऊ उरतील. अक्साकाल, तुला शंभर मुलगे होऊ देत, हजार होऊ देत, समान वाटण्या होणार नाहीत. एकतर सगळा कळप एकाचा, नाहीतर प्रत्येक मेंढीमागे एक वारस."

"काय मेला कळप आहे!" तोकोबाय पुटपुटला. "भांडणं लावणारा."

"नाही. फुटणारच नाही असा."

त्यानं लगाम आणखी आवळला आणि म्हणाला, "ते काहीही असो. तू जिवंत आहेस तोवर मी हा दगड आत येऊ देणार नाही."

"ठीक," एजे म्हणाल्या. "मग मेल्यावर मी उठून लावते." आणि त्यांनी ट्रॅक्टरमधलं फावडं उचललं, घोड्याच्या मानेखालून वाकून फाटकातून आत गेल्या आणि आपल्या आईवडिलांच्या कबरींशेजारच्या मोकळ्या जागेत खणायला लागल्या.

आमच्याकडे बायका मयतीबरोबर कबरस्तानात जात नाहीत. आम्ही पुरुष फाटकाशी उभे राहून एकमेकांची तोंडं बघत होतो. जमीन दगडगोट्यांची, फावडं खणखणत होतं आणि माती जेमतेम निघत होती. एजेंचा रुमाल सुटून खांद्यावर आला होता. एर्मेक एका बाजूला उभा होता, तो तुकडा अजून त्याच्या हातात.

माझ्या शेजारून उल्जान पुढे झाली. तिनं कुणाकडून तरी कुदळ हिसकावून घेतली.

"उल्जान, बायका..." तोकोबाय म्हणाला.

"अक्साकाल, मयत कुठे आहे?" उल्जान म्हणाली. "मयत असती तर नसते गेले." आणि घोड्याला वळसा घालून ती आत गेली. तिच्यामागून पिठाच्या गिरणीवरच्या दोघी बहिणी गेल्या, मग शाळेतली नवी मास्तरीण, मग माझी बायको, जिला मी घरी राहा म्हणून सांगून आलो होतो. सगळ्या एजेंच्या हाताखालून शिकलेल्या. कुणी खणत होतं, कुणी हातांनी गोटे उचलून बाजूला टाकत होतं. मीही ट्रॅक्टरवाल्याला खूण केली. तो फाटकाकडे वळला आणि घोड्यासमोर थांबला. इंजिन धडधडत राहिलं.

तोकोबाय हलला नाही. मग त्यानं त्या खड्ड्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि ओरडला, "इतकं उथळ खणतात का? सरोवराकडून वारा सुटला की पडेल उताणा! गुडघ्याएवढं खोल घ्या! आणि तुटकी बाजू डोंगराकडे करा, नाहीतर पाणी मुरून फुटेल!" एवढं बोलून त्यानं घोडा बाजूला घेतला. परवानगी त्यानं त्या दिवशी दिली नाही, पुढेही कधी दिली नाही. विचारलं तर आजही म्हणतो, मी कुठे हो म्हटलंय?

दगड लागला. एजेंनी त्याच्यापुढे उभं राहून हात धुतल्यासारखे एकमेकांवर झटकले आणि म्हणाल्या, "चला, भूक लागली." सगळ्या बायका त्यांच्याकडे जेवायला गेल्या. आम्हाला कुणी बोलावलं नाही.

एर्मेक निवडून आला. लोकांना त्याचा राग होता, पण समोरचा उमेदवार त्याहून वाईट होता. निवडून आल्यावर तो मिठाई घेऊन एजेंकडे गेला. त्यांनी मिठाई घेतली, चहा दिला, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा गेला, तेच. तिसऱ्यांदा मला बरोबर घेऊन गेला, मध्यस्थ म्हणून. जर्दाळूच्या झाडाखाली लाकडी बाजेवर त्या बसल्या होत्या, रस्त्यावरून सरळ दिसेल अशा जागी.

"आत्या, मी काय करू म्हणजे तू बोलशील?" एर्मेक म्हणाला. एवढा मोठा बाप्या, पण आवाज लहान मुलाचा झाला होता. "मला शिव्या दे. दगड मी नवा करून देतो, वाटल्यास संगमरवरी."

"दगड चांगला आहे," एजे म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्या आत गेल्या आणि कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन आल्या. "बस इथं. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. भाग लाव."

"कशानं?"

"प्रत्येक मूळ संख्येनं. दोनपासून दोनशे एकाहत्तरपर्यंत."

"त्यापुढे नको?" मी विचारलं, कारण मला त्या पोराची दया आली होती.

"त्यापुढच्या एखादीनं भाग गेला असता, तर तिची जोडीदारीण आधीच सापडली असती. दोघीही दोनशे एकाहत्तरच्या पलीकडच्या असत्या तर गुणाकार संख्येहून मोठा झाला असता. समजलं?"

मला समजलं. एर्मेकला समजलं नाही, पण तो बसला. बाह्या सरसावल्या आणि कॅल्क्युलेटरसाठी खिशात हात घातला. एजेंनी नुसतं बघितलं. हात बाहेर आला.

रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. नवा गावप्रमुख झाडाखाली बसून पेन्सिल चावत भागाकार करतोय! कुणी विचारलं, एर्मेक, कर वाढवतोयस का? कुणी सांगितलं, शून्य विसरू नकोस. तो वर बघत नव्हता. दोन, तीन, पाच पटकन उरकले. सातवर अडखळला, अकरा पार केला, तेरा पार केला. कपाळावर घाम आला होता. मी एजेंबरोबर चहा पीत होतो. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या असं दाखवत होत्या.

एकदम एर्मेक बाजेवरून उठला. "गेला! एजे, गेला! सतरानं पुरता भाग गेला! तुझी संख्या मोडली!"

रस्त्यावरची माणसं कुंपणाशी आली. मी कप खाली ठेवला. एजेंनी सावकाश चष्मा लावला, कागद घेतला, आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेल्या. बोट तळाशी थांबलं.

"एकशे एकोणसाठातून एकशे त्रेपन्न गेले. किती उरले?"

एर्मेकनं वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "सहा," तो हळूच म्हणाला. "पण एजे, सहाच तर आहेत!"

"सहा म्हणजे सहा," एजे म्हणाल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यांचा चेहरा कडक होता, पण त्यांनी त्याच्या रिकाम्या कपात स्वतःच्या हातानं चहा ओतला. "बस खाली. आता एकोणीस घे."